समन्वयक बाई पालक बाईंची समजूत घालतात

प्रत्येक मुलात एक ना एक कौशल्य दडलेलं असतं आणि ते हुडकून समाजाच्या हाती सोपवणं हे शिक्षणाचं परमकर्तव्य आहे. हे वाक्य शाळेच्या दर्शनी भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं. रंगाऱ्याचा अंदाज जरा चुकल्यामुळे त्यातलं 'परम' तेवढं मोकळ्या भिंतीवर राहिलं आणि 'कर्तव्य' पाण्याच्या पाइपाच्या मागे गेलं. कर्तव्य वाचायचं तर मान वाकडी करावी लागे, आणि एवढी तसदी सहसा कोणी घेत नसे.

या शाळेत आत्या भूगोल शिकवायची. शिवाय ती 'रोजगारक्षमता कौशल्य चाचणी'ची समन्वयक होती. हे पद तिला कसं मिळालं याची हकिगत सरळ आहे: ज्या बैठकीत ते वाटलं गेलं, त्या बैठकीला तिला पोहोचायला उशीर झाला होता.

चाचणी दरवर्षी अकरावीच्या मुलांना द्यावी लागे. एक खासगी कंपनी ती घ्यायची. प्रश्नांचा नमुना असा: 'वरिष्ठ तुमच्यावर विनाकारण रागावल्यास तुम्ही (अ) शांतपणे ऐकून घ्याल, (ब) हसतमुखाने ऐकून घ्याल, (क) ऐकून घेऊन आभार मानाल, (ड) वरील सर्व.' बरोबर उत्तर ड. मग मुलांना सुवर्ण, रौप्य नाहीतर कांस्य अशी श्रेणी मिळायची आणि ती थेट शाळा सोडल्याच्या दाखल्यावर छापली जायची. कपाळावर छापायची पद्धत अजून निघाली नव्हती.

आत्याच्या घरी तिच्या भावाची दोन मुलं राहायची. भाऊ आणि वहिनी दूरच्या शहरात एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला होते, त्यामुळे कागदोपत्री आणि जेवणाखाण्यापुरती आत्याच मुलांची पालक. थोरला दादा. धाकटी टाचणी. अंगाने बारीक, आणि नको तिथे नेमकी टोचणारी, म्हणून हे नाव आत्यानेच ठेवलं होतं आणि आता तीच ते भोगत होती.

"आत्या, मी ती चाचणी देणार नाही," टाचणी एका संध्याकाळी म्हणाली.

"का? आजारी पडणार आहेस?"

"नाही. ठणठणीत असणार आहे आणि देणार नाही."

"अगं, त्यात घाबरण्यासारखं काय आहे? नापास कोणी होतच नाही."

"तेच तर! दादा नापास झाला असता तर चिडून पुन्हा बसला असता. तो कांस्य झाला. कांस्य झालेला माणूस काय करणार? चकाकत बसणार?"

मोरीतला नळ तेवढा बोलत होता, टप् टप्. त्याच्याखाली पातेलं ठेवलं होतं.

दादा पूर्वी घरातली प्रत्येक वस्तू उघडून बघायचा. भिंतीवरचं घड्याळ, मिक्सर, शेजाऱ्यांची सायकल, एकदा तर आत्याचा चष्मा. उघडलेल्यातल्या निम्म्या वस्तू पुन्हा जोडल्या जायच्या, आणि जोडलेल्यातल्या काही चालायच्याही. मग दोन वर्षांपूर्वी त्याची चाचणी झाली. प्रमाणपत्रावर लिहून आलं: 'कांस्य. उमेदवार उचलणे, ठेवणे व मोजणे या कामांस विशेष योग्य आहे.' पुढे दादा एका गोदामात लागला. तिथे तो खोकी उचलायचा, ठेवायचा आणि मोजायचा. नळ गळायला लागला तेव्हा आत्याने त्याला हाक मारली, तर तो म्हणाला, "माझ्याकडून नको आत्या. माझं ते क्षेत्र नाही."

"पण चाचणी सगळ्यांना द्यावीच लागते," आत्या म्हणाली.

"नाही लागत. परिपत्रकात शेवटची ओळ आहे. पालकांनी लेखी कळवलं तर मुलाला चाचणीतून वगळता येतं."

ते परिपत्रक आत्याने स्वतः प्रत्येक वर्गात जाऊन वाचून दाखवलं होतं, आणि शेवटची ओळ सोडून दिली होती. मुख्याध्यापकांचीच तशी सूचना होती: 'वेळेअभावी शेवट वाचू नये.' फलकावर लावलेल्या प्रतीत त्या ओळीवर छत्री हरवल्याची सूचना चिकटवलेली होती.

"छत्रीची सूचना कोणी उचकटली?"

"मी. दोन पावसाळे गेले आत्या, ती बाई आता नवीन घेऊन मोकळी झाली असेल."

आत्याने विचार केला. तिचा विचार फार उदात्त होता अशातला भाग नाही. पालक म्हणून अर्जावर सही करायला काय जातं? नामंजूर करायला मुख्याध्यापक आहेतच. पोरीचं मन राहील, शाळेची शिस्त राहील, आणि आपण दोन्हीकडून चांगल्या. तिने सही केली.

चूक तिथेच झाली. त्या शाळेत एखादा कागद नामंजूर करायचा तर आधी तो रीतसर यावा लागे.

दुसऱ्या दिवशी ती अर्ज घेऊन कार्यालयात शिरली, तर हेडक्लार्कने हात आडवा केला.

"हे तुम्ही कोण म्हणून देताय?"

"मुलीची पालक म्हणून."

"मग या दाराने कशा आलात? पालकांना खिडकी आहे. मधल्या सुट्टीत."

"भाऊसाहेब, मी याच शाळेत—"

"शिक्षिका आहात तेव्हा या, बसा, चहा घ्या. पालक आहात तेव्हा खिडकी."

मधल्या सुट्टीत आत्या व्हरांड्याला वळसा घालून खिडकीशी उभी राहिली. खिडकी इतकी खाली होती की बोलायला वाकावंच लागे. ती बांधणाऱ्याला पालकांकडून नेमकं काय अपेक्षित आहे ते ठाऊक असावं.

"आपण मुलीच्या कोण?" हेडक्लार्कने विचारलं.

"आत्या. भाऊसाहेब, सकाळी माझ्या डब्यातलं तुम्ही—"

"ते बाईंच्या डब्यातलं. पालकांना मी ओळखत नाही." त्याने अर्जावर शिक्का मारला. "बरं, आता आत या."

"आता का?"

"समन्वयकांचा शेरा लागतो ना."

आत्या पुन्हा वळसा घालून आत आली. हेडक्लार्कने अदबीने खुर्ची दिली आणि तिचाच अर्ज तिच्या पुढ्यात ठेवला. तिने तो नीट वाचला. अक्षर बरं होतं. शेऱ्याच्या जागी तिने लिहिलं: 'पालक समंजस वाटतात. योग्य त्या आदेशासाठी सादर.' आता उरलेलं सर बघतील, असं म्हणून ती निर्धास्त वर्गावर गेली.

तास संपायच्या आत बोलावणं आलं.

मुख्याध्यापकांच्या खुर्चीच्या बरोबर वर भिंतीत एक नवा, चकचकीत, रिकामा खिळा होता. ज्या शाळेची सगळी मुलं चाचणीला बसतात, तिला कंपनी सन्मानफलक द्यायची. फलक अजून यायचा होता. खिळा आधीच ठोकलेला होता.

"बाई, हा कोण पालक आहे?"

"मीच आहे सर."

"ते दिसतंय मला! मी विचारतोय की यांना अक्कल आहे का?"

"समन्वयक म्हणून सांगायचं तर, थोडी आहे."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, मला नामंजूर करता येत नाही. नियमात मंजूर-नामंजूर काही नाहीच. फक्त एवढंच आहे की समन्वयकाने पालकाचं समुपदेशन करायचं. त्यानंतरही पालक ठाम असेल तर दोघांच्या सह्या. तर तुम्ही यांना समजावा. समन्वयक म्हणून, कडक शब्दांत."

"कडक बोललं तर त्या ऐकत नाहीत सर. माझा अनुभव आहे."

"मग गोडीत समजावा! पर्यवेक्षकाची जागा रिकामी होतेय, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. सेवाज्येष्ठतेत माझाच नंबर आहे."

"मग हे पालकांच्याही कानावर घाला," मुख्याध्यापक म्हणाले.

एकूण निर्णय फिरून आत्याच्याच गळ्यात आला. अर्ज देणारीही तीच, फेटाळणारीही तीच, आणि कोणाच्याही मागे लपायला मध्ये जागा नाही.

घरी येऊन तिने पिशवीतून कंपनीची पुस्तिका काढली: 'पालकांच्या शंका व त्यांची समाधानकारक उत्तरे'.

"टाचणे, इकडे ये. मला पालकाचं समुपदेशन करायचंय. तू समन्वयक हो. मी पालक होते."

टाचणीने ओढणी खांद्यावर नीट घेतली, आत्याचा चष्मा नाकावर चढवला आणि खुर्चीत ताठ बसली. "बोला. काय शंका आहे?"

"माझ्या भाचीला या चाचणीचा काय फायदा?"

टाचणीने पुस्तिकेत बोट फिरवलं. "'चाचणी दिल्याने पाल्यास चाचणी दिल्याचा लाभ मिळेल.'"

"बरं. तिचा कल चुकीचा निघाला तर?"

"'चाचणी शास्त्रीय असल्याने पाल्याने आपला कल दुरुस्त करून घ्यावा.' आत्या, हे खरंच छापलंय! बघ!"

"समन्वयक पालकाला आत्या म्हणत नाहीत. पुढे वाच."

तेवढ्यात दादा कामावरून आला. पाय धुतले, मोरीत डोकावला. पातेलं काठोकाठ भरलं होतं. त्याने ते उचललं, ओतलं आणि जागेवर आणखी मोठं पातेलं ठेवलं.

"दादा, ही चाचणीला बसायचं नाही म्हणतेय," आत्या म्हणाली. "तुझं काय मत?"

"बसू दे की. एकदाचं कळेल तरी कशाला योग्य आहे ते."

"तुला कळलं?"

"हो." दादा पंचाला हात पुसत होता. त्याच्या बोलण्यात कुठे कडवटपणा नव्हता, तोच असता तर बरं झालं असतं. "सोपं जातं गं आत्या. एकदा कळलं की पुढे डोक्याला त्रास नाही. आधी मी उगाच कशात पण हात घालायचो."

टाचणीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मोठ्या पातेल्यात पहिला थेंब पडला, तो जरा जास्तच वाजला.

आत्याने अर्ज पुढे ओढला. 'समुपदेशन झाले' याच्या खाली समन्वयक म्हणून सही केली. 'तरीही ठाम आहे' याच्या खाली पालक म्हणून सही केली. दुसरी सही करताना पेन कागदात रुतलं.

"आणि पर्यवेक्षकाची जागा?" टाचणीने हळूच विचारलं.

"ती पालकांच्या कानावर घातली. पालक म्हणाल्या, चुलीत घाला."

सकाळी प्रार्थनेनंतर चाचणीची सूचना शेवटची वाचून दाखवायची होती. आत्या ध्वनिक्षेपकापुढे उभी राहिली. समोर सगळी शाळा, मागे मुख्याध्यापक. तिने तारीख वाचली, वेळ वाचली, पेन्सिल कोणती आणायची ते वाचलं. नेहमीच्या जागी आली तसे मुख्याध्यापक पुढे सरकले आणि ध्वनिक्षेपकाकडे त्यांनी हात केला.

"अजून आहे सर," आत्या म्हणाली. हेही ध्वनिक्षेपकातून साऱ्या मैदानाने ऐकलं. मग तिने शेवटची ओळ वाचली. संथपणे, जशी ती नद्यांची नावं सांगायची तशी, आणि भूगोलाच्या सवयीने दोनदा. "लिहून घ्या," असंही म्हणाली. तीही सवयच.

"बाई, बस करा!" मागून आवाज आला.

"झालंच सर. कोणाला काही शंका?"

मागच्या रांगेतून एका मुलाने हात वर केला. "बाई, पालकांनी कारण द्यावं लागतं का?"

"परिपत्रकात कारणाचा उल्लेख नाही."

"काहीच नाही?"

"मी दोनदा वाचलं, तू ऐकलंस. बस खाली."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत खिडकीपुढची रांग व्हरांडा ओलांडून सायकलींच्या छपरापर्यंत गेली होती. कामाच्या कपड्यांतले बाप होते, कडेवर पोर घेतलेल्या आया होत्या, एका मुलीची आजी स्टूल घेऊन आली होती. एक ड्रायव्हर खिडकीत वाकून सांगत होता, "माझ्या पोराला मी रोज सांगतो तू कशालाच योग्य नाहीस. घरचं फुकट मिळतंय, त्यासाठी कंपनी कशाला?" पालकांच्या रांगेत मध्येच एक बसची कंडक्टर बाई होती, तिला रांग सरळ नाही हे सहन होईना, तिने ती सरळ केली. हेडक्लार्क शिक्के मारून मारून घामाघूम झाला होता. "एकेक या, एकेक या," म्हणताना त्याचा चेहरा मात्र उजळला होता. इतकी आवक त्याच्या नोकरीत कधी झाली नव्हती.

नियमाप्रमाणे प्रत्येक पालकाचं समुपदेशन आत्यालाच करायचं होतं. तिने ते केलं. पुस्तिकेतलं पहिलं उत्तर ती मोठ्याने वाचायची आणि विचारायची, "समाधान झालं?" बहुतेकांचं झालं नाही.

मुख्याध्यापकांनी तिला पुन्हा बोलावलं. या वेळी बसा म्हणाले नाहीत.

"तुम्ही शाळेचं नाव घालवलंत."

"सर, मी तुम्ही सही केलेलं परिपत्रक वाचलं."

"सही केली म्हणून सगळं वाचायचं असतं का?"

"मी भूगोल शिकवते सर. नकाशा अर्धा दाखवून मुलांना पुढे समुद्र आहे म्हणून सांगत नाही. तुम्हाला दुसरा समन्वयक नेमायचा असेल तर नेमा. पण पालक मीच राहणार, तिथे तुमचं काही चालणार नाही."

मुख्याध्यापकांनी खिळ्याकडे पाहिलं. दुसरा समन्वयक त्यांनी नेमला नाही. ते काम घ्यायला कोणी तयार नव्हतं. पर्यवेक्षकाची जागा कवायतीच्या सरांना दिली. त्यांचा आवाज मोठा होता.

चाचणीच्या दिवशी हॉल अर्ध्याहून जास्त रिकामा होता. टाचणी आणि बाकीची मुलं मैदानाच्या कडेला बसली होती. त्यांना करायला काहीच नव्हतं आणि ते काहीच न करणं ती फार चोख करत होती. आत वरिष्ठ विनाकारण रागावत होते आणि बसलेली मुलं आभार मानत होती.

निकालाचा गठ्ठा महिन्याने आला. त्याच्यासोबत पितळी सन्मानफलक होता: 'सहभाग शंभर टक्के'. कंपनीच्या संगणकात 'वगळलेले' असा प्रकारच नव्हता. न बसलेल्या सगळ्या मुलांना त्याने विचार न करता कांस्य देऊन टाकलं होतं. मुख्याध्यापकांनी फलक खिळ्यावर लावला आणि त्या दिवशीच्या भाषणात शाळेच्या जिद्दीचा दोनदा उल्लेख केला.

टाचणीच्या प्रमाणपत्रावर लिहिलं होतं: 'कांस्य. उमेदवार उचलणे, ठेवणे व मोजणे या कामांस विशेष योग्य आहे.'

आत्या ते घेऊन खिडकीशी गेली. आता तिला तो वळसा पाठ झाला होता.

"भाऊसाहेब, हे रद्द करा. मुलगी चाचणीला बसलीच नाही."

हेडक्लार्कने कागद उलटसुलट करून पाहिला. "रद्द करायची सोय आहे. त्यासाठी फेरचाचणी द्यावी लागते."

"म्हणजे चाचणी दिली नाही हे दाखवायला चाचणी द्यायची?"

"पहिल्यांदा नसली दिली तरी चालते," तो म्हणाला.

आत्या वाकलेली होती ती सरळ झाली. व्हरांड्याला वळसा घालून आत आली, समन्वयकाच्या खुर्चीत बसली आणि दाखल्यांचं बाड पुढे ओढलं. दाखल्यावर श्रेणी भरण्याचं काम समन्वयकाचं. टाचणीच्या रकान्यात तिने ठळक अक्षरांत लिहिलं: 'चाचणी दिली नाही.' खाली सही. मग पुढचा दाखला घेतला. शाळा सुटून गेली तरी ती लिहीतच होती. एकेका मुलाचं, एकेक करून, 'दिली नाही', 'दिली नाही'. हेडक्लार्क दारात येऊन उभा राहिला.

"बाई, असा शेरा आजवर कोणी लिहिला नाही."

"रकान्यात काय लिहायचं नाही ते कुठे लिहिलंय?"

त्याने खरोखरच शोधलं. कुठे नव्हतं. मग त्याने तिच्यासाठी चहा सांगितला, आणि शिक्क्याची पेटी आणून तिच्याजवळ ठेवली.

घरी टाचणीने आपलं प्रमाणपत्र दादापुढे धरलं. दादाने ते वाचलं. आत जाऊन कपाटातलं स्वतःचं आणलं आणि शेजारी ठेवून पुन्हा वाचलं. अक्षरन् अक्षर तेच.

"तू तर बसलीच नव्हतीस."

"मैदानात बसले होते. शेंगा फोडत."

"मग हे कसं काय?"

"तेच विचारतेय मी. तुला कसं काय?"

दादाने दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले. मग हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून, आणि हसता हसता एकदम थांबला. "दोन वर्षं," तो म्हणाला. "दोन वर्षं मी ती खोकी—" तो उठला आणि माळ्यावरून हत्यारांची पेटी काढली. तिच्यावरची धूळ शर्टाने पुसली. पाना घेतला, बाह्या सारल्या आणि मोरीत शिरला.

"जमेल ना रे?" आत्याने विचारलं.

"ते मी ठरवीन!" आतून आवाज आला. असा आवाज त्या घरात खूप दिवसांत कोणी ऐकला नव्हता.

आत्या आणि टाचणी दारात उभ्या राहिल्या. दादाने नळाला पाना लावला, दात ओठ खाल्ले आणि सगळा जोर लावून फिरवला.

नळ तुटून हातात आला. प्लंबर दुसऱ्या दिवशी दुपारी आला आणि नवीन नळ बसवून गेला.